जमिनीचा कागद: वाचकांचे प्रश्न

रस्ते, सौर प्रकल्प आणि औद्योगिक क्षेत्रांसाठी जाणाऱ्या जमिनींबद्दल विदर्भातून आलेली पत्रं या अंकात घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (मोर्शी तालुका): गावात एक जण ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्रं घेत फिरतोय. औद्योगिक वसाहत येणार आहे, आत्ता सही दिली तर भाव चांगला, मागून सरकार देईल तेवढ्यावर गप बसावं लागेल, असं सांगतो. बऱ्याच लोकांनी सह्या केल्या. आमचं चार एकर वावर आहे, संत्रा लागता आहे. सही करावी का?

उत्तर: आज करू नका. आधी कागदाची झेरॉक्स मागा. जो झेरॉक्स द्यायला तयार नाही, त्याच्या कागदात तुमच्या हिताचं काही नाही असंच धरून चाला.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा की जमीन नेमकी कोण घेणार आहे आणि कोणत्या कायद्याखाली. भूसंपादन असेल तर अधिसूचना निघते, हरकतीची मुदत मिळते, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) होतो आणि निवाडा कमी वाटला तर वाढीव मोबदल्यासाठी पुढे दाद मागता येते. सरळ खरेदी असेल तर ते साधं खरेदीखत असतं. राज्याच्या २०१५ च्या धोरणानुसार सरळ खरेदीत २५ टक्के रक्कम जास्त मिळते हे खरं, पण खरेदीखतावर सही झाली की वाढीव मोबदल्याचा दावा संपतो. तिसरी वाट खाजगी खरेदीदाराची. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्यात कलम ८९ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. मात्र नंतर घातलेल्या ८९-अ मुळे खऱ्या औद्योगिक वापरासाठी, ठरावीक क्षेत्रांत, परवानगीशिवाय घेता येते. तिथे मुदतीत उद्योग उभा करण्याची अट असते. ती पाळली जाते की नाही यावर गावानेच लक्ष ठेवावं लागतं.

सरळ खरेदीचा धडा अमरावती विभागाला नव्याने सांगायची गरज नाही. २००६ ते २०१३ या काळात सिंचन प्रकल्पांसाठी हजारो हेक्टर जमिनी सरळ खरेदीने कमी भावात गेल्या. २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यावर शेजारच्या जमिनींना कितीतरी पट मोबदला मिळाला, पण खरेदीखत केलेल्यांना कोर्टाचा दरवाजा बंद होता. वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर त्यांच्या पदरात पडलं ते हेक्टरी ५ लाखांचं सानुग्रह अनुदान. म्हणून "आत्ता दिली तर जास्त" या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः हिशोब करा.

२०१३ च्या कायद्याचा हिशोब असा असतो. समजा बाजारभाव एकरी १० लाख धरला आणि गुणक २ लागला, तर २० लाख. विहीर, झाडं, पाइपलाइन मिळून ३ लाख धरले तर २३ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ४६ लाख. शिवाय मूळ बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के. गुणक सगळीकडे २ नसतो. प्रकल्पानुसार आणि शासनाच्या अधिसूचनेनुसार तो १ ते २ च्या दरम्यान असतो, म्हणून "गुणक किती धरला?" हे लेखी विचारा. बाजारभाव ठरवताना रेडीरेकनर (सरकारी दरपत्रक) पाहतात आणि आसपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतंही पाहतात. त्या खतांपैकी जास्त किमतीच्या अर्ध्या खतांची सरासरी काढतात आणि जो आकडा मोठा तो घेतात. इथेच गावं स्वतःच्या हाताने अडकतात. स्टॅम्प ड्युटी वाचवायला खतात कमी किंमत दाखवायची सवय असते आणि पुढे तीच कमी किंमत सगळ्या गावाचा भाव होऊन बसते.

संत्र्याचं वेगळं. संयुक्त मोजणीच्या दिवशी पंचनाम्यात "संत्रा, ४ एकर" एवढंच लिहू देऊ नका. झाडांची संख्या, वय आणि फळधारणा लिहून घ्या. ६ बाय ६ मीटरवर लागवड असेल तर एकरी ११२ च्या आसपास झाडं बसतात. अंदाजे ८० लिहिली तर चार एकरांत सव्वाशेच्या वर झाडं कागदावरून गायब होतात. विहीर, बोअर, ठिबक, जमिनीखालचा पाइप, धुऱ्यावरचे साग आणि कडुनिंब यांच्या वेगळ्या ओळी हव्यात. सातबारावर विहिरीची नोंद नसेल आणि ई-पीक पाहणीत बाग चढवलेली नसेल, तर जमीन कोरडवाहू धरली जाण्याचा धोका असतो. ही नोंद नोटीस यायच्या आधीच करून ठेवा. नंतर केलेल्या नोंदीवर संशय घेतला जातो.

ज्यांनी सही केली आहे त्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात: कागदात "अपरिवर्तनीय" हा शब्द आहे का, कुणाला मुखत्यारपत्र दिलं आहे का, आणि किमतीची जागा कोरी आहे का. नोंदणी न झालेल्या कागदाने मालकी जात नाही. तरीही त्याच कागदावर उद्या कोर्टात दावा उभा राहू शकतो. संमती मागे घेतल्याचं पत्र स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पाठवा आणि त्याची प्रत तहसीलदार आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आवक करा.

प्रश्न (कळंब तालुका, यवतमाळ): शक्तिपीठ महामार्गात गट जाण्याची भीती आहे. हरकतीचा छापील नमुना सगळ्यांनी भरून दिला तर चालतो का? एकाने सांगितलं की ओलिताची दुबार पिकाची जमीन घेताच येत नाही.

उत्तर: छापील नमुना दिल्याने संख्या दिसते, पण सुनावणीत एकाच ओळीत सगळ्या हरकती फेटाळल्या जातात. नमुना द्या, आणि सोबत तुमच्या गटापुरतं वेगळं पान जोडा.

आधी नोटिशीच्या डोक्यावर कोणता कायदा लिहिला आहे ते वाचा. राज्याचे महामार्ग बहुधा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ खाली येतात, राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या कायद्याखाली, औद्योगिक क्षेत्र १९६१ च्या कायद्याखाली. २०१३ च्या कायद्यात हरकतीला ६० दिवस असतात, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात २१ दिवस. दुसऱ्या कायद्याची मुदत डोक्यात धरून बसलेले लोक हमखास उशिरा पोचतात. तुमच्या नोटिशीत लिहिलेली तारीख तीच खरी.

दुबार पिकाच्या जमिनीबद्दल तुम्ही ऐकलं ते अर्धंच आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १० बहुपीक ओलिताच्या जमिनीला संरक्षण देतं, पण रस्ते, कालवे, रेल्वे यांसारखे लांब पट्ट्याचे प्रकल्प त्यातून वगळले आहेत. शिवाय २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महामार्ग कायदा, औद्योगिक विकास कायदा, नगररचना कायदा आणि म्हाडा कायदा यांना वेगळी वाट दिली. म्हणून हरकतीत फक्त कलम १० लिहिलं तर ती लगेच पडते.

टिकणारे मुद्दे जमिनीवरचे असतात. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतचा हा सुरुवातीच्या आराखड्यातला सुमारे ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांचा रस्ता. वर्धा, यवतमाळ, नांदेडवरून कोल्हापूरकडे नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग जातोच, तेव्हा त्याच दिशेला दुसरा रस्ता का, हा सार्वजनिक हिताचा प्रश्न विचारा. मग स्वतःच्या गटावर या. गटाचे दोन तुकडे होतात का? पलीकडच्या तुकड्याला पांदण रस्ता उरतो का? विहीर एका बाजूला आणि ओलीत दुसऱ्या बाजूला पडतं का? काळ्या मातीत भराव टाकला की पावसाचं पाणी वरच्या अंगाला तुंबतं आणि तूर, कपाशी उभी सडते. पाण्याचा उतार कुठून कुठे आहे हे हाताने काढलेल्या नकाशावर बाणाने दाखवा, नाल्याचं नाव लिहा. किती मोऱ्या लागतील आणि कुठे लागतील हेही लिहा. असा मुद्दा अधिकाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय बाजूला ठेवता येत नाही.

दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सुनावणीला स्वतः जा आणि बोललेलं लिहून घेतलं आहे का ते सही करण्याआधी वाचा. आदेश लेखी मागा. तो मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभेचा ठराव वेगळा करा. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जे कमी ते. ठरावात "विरोध आहे" एवढंच न लिहिता किती गट, किती क्षेत्र, किती विहिरी, कोणते रस्ते तुटतात हे लिहा आणि हजेरीच्या सह्या जोडा. ग्रामसभेचा ठराव प्रकल्प थांबवत नाही असं तुम्हाला सांगतील. अनेक ठिकाणी ते खरंही आहे, पण पुढे उच्च न्यायालयात गेलात तर गावाने वेळेत लेखी विरोध केला होता याचा हाच पुरावा असतो.

आणि विरोध करूनही निवाडा झाला तर पैसे उचलताना पावतीवर "रक्कम अमान्य, हक्क राखून स्वीकारत आहे" असं स्वतःच्या हाताने लिहा. २०१३ च्या कायद्यात हे लिहिलं नाही तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या अर्जाला फक्त सहा आठवडे असतात.

प्रश्न (देवळी तालुका, वर्धा): मालक वारले, जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. मोजणीवाले येऊन गेले. मोबदला दिराला मिळेल का?

उत्तर: ताई, वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात तलाठ्याकडे द्या. सासऱ्यांचा आणि मालकांचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आठ-अ आणि सातबारा सोबत ठेवा. त्याच दिवशी भूसंपादन अधिकाऱ्यांना लेखी कळवा की वारसांची नोंद प्रलंबित आहे, एकाच्या नावाने रक्कम देऊ नये. वाद असेल तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते, ती कुणी परस्पर उचलू शकत नाही. मोबदल्याच्या तोंडावर कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर देऊ नका. नणंदांनाही हेच सांगा.

प्रश्न (आर्वी तालुका): सौर प्रकल्पासाठी कंपनी ३० वर्षांच्या भाड्याने जमीन मागते. एकरी ५० हजार. कोरडवाहू जमिनीला एवढं कुठे मिळतं? धोका काय?

उत्तर: भाडं वाईट नाही आणि जमीन मालकीची राहते, म्हणून हा व्यवहार विक्रीपेक्षा बरा. पण करारनामा आधी वाचला पाहिजे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी १ लाख २५ हजार किंवा रेडीरेकनरच्या ६ टक्के, यांपैकी जे जास्त ते भाडं आहे आणि मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ आहे. सरळ वाढीने आजचे ५० हजार तिसाव्या वर्षी ९३,५०० होतात. हीच ३ टक्के वाढ चक्रवाढीने असती तर सुमारे १,१७,८०० झाले असते. खाजगी कंपनीशी बोलताना चक्रवाढ मागा. तीस वर्षांत मजुरी, खत, डिझेल किती चढतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

बिघडतं ते पुढच्या कलमांत. भाडं कधीपासून सुरू? "प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून" असं लिहिलं असेल तर ताबा आज जातो, पेरणी बंद होते आणि भाडं दीड-दोन वर्षांनी येतं. "ताब्याच्या दिवसापासून" असं लिहून घ्या. काही कागद तर भाडेकरार नसतातच, नुसता हक्क राखून ठेवणारा करार असतो. त्यात जमीन अडकते आणि पैसा येत नाही. कंपनीला नोटीस देऊन करार मोडता येतो आणि शेतकऱ्याला येत नाही, असं एकतर्फी कलम असेल तर बदलून घ्या. भाडं दोन हप्ते थकलं तर जमीन परत, हे उलट कलम घाला. कंपनी भाडेपट्ट्याचा हक्क बँकेला गहाण ठेवू शकते, कंपनीच विकली जाऊ शकते. तेव्हा नव्या मालकावर सगळ्या अटी बंधनकारक राहतील आणि तुमच्या मालकीहक्कावर बोजा चढणार नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं.

शेवटचं वर्ष कुणी वाचत नाही. तीस वर्षांनी लोखंड, काँक्रीटचे पाये आणि जमिनीखालच्या केबल कोण काढणार? काळी माती यंत्रांनी दाबली गेली की नांगर लवकर धरत नाही. "स्वखर्चाने काढून जमीन लागवडीयोग्य करून देईल" हे कलम आणि त्यासाठी बँक हमी मागा. कुंपण घालताना नैसर्गिक नाला वळवू नये हेही लिहा, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरून भांडण तुमच्या दारात येतं.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. तो मराठीत मागा आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा. सातबारावर पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना हरकत आधी घ्या. भाड्याने दिलेल्या क्षेत्रावर पीककर्ज आणि पीकविमा मिळत नाही, तेव्हा सगळी जमीन देऊ नका.

प्रश्न (तिवसा तालुका): मी बटईने करतो, सातबारा मालकाच्या नावाने. जमीन गेली तर मला काही मिळतं का?

उत्तर: २०१३ च्या कायद्यात जमिनीवर उपजीविका असणारी बटईदार आणि शेतमजूर कुटुंबंही बाधित धरली जातात. त्यासाठी आधीच्या तीन वर्षांपासून तुमची मुख्य उपजीविका त्या भागातल्या जमिनीवर होती हे दाखवावं लागतं. बियाणं-खताची बिलं, जिनिंगची किंवा बाजार समितीची पट्टी, मालकाचं लेखी पत्र, शेजाऱ्यांचे जबाब जमवा आणि सर्वेक्षणाच्या यादीत नाव येईपर्यंत पाठपुरावा करा. मालक पत्र द्यायला घाबरेल, कारण त्याला तुम्ही कूळ लागाल अशी भीती असते. आपला दावा पुनर्वसनापुरता आहे असं त्या पत्रातच लिहिलं तर बरेच मालक तयार होतात. सामाजिक परिणाम मूल्यांकन असलं की अशा कुटुंबांची मोजदाद होते. राज्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ज्या प्रकल्पांना ते लागत नाही, तिथे सगळ्यात आधी तुमच्यासारख्यांची नावं सुटतात. आमच्या मते त्या दुरुस्तीतला हाच सगळ्यात मोठा अन्याय आहे.

प्रश्न (कुरखेडा तालुका, गडचिरोली): आदिवासी शेतकऱ्याची जमीन कंपनीला थेट भाड्याने देता येईल असं ऐकलं. खरं का?

उत्तर: महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकणं, गहाण ठेवणं किंवा भाड्याने देणं, यातलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा जिल्हाधिकारी मंजूर करू शकतात, त्यापुढे राज्य शासनाची मान्यता लागते. ही अट सैल करण्याचा विचार २०२५ मध्ये सरकारकडून बोलून दाखवला गेला आणि त्याला विरोध झाला. तो विरोध योग्यच आहे. जिथे एका बाजूला कंपनीचा वकील आणि दुसऱ्या बाजूला कर्जात असलेला माणूस बसतो, तिथे मधला अधिकारी काढून टाकला तर व्यवहार बरोबरीचा राहत नाही.

तुमच्याकडे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्र असेल तर भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे आणि २०१३ च्या कायद्याचं कलम ४१ अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती मागतं. सामूहिक वनहक्काचा दावा बाकी असेल तर तो आधी पूर्ण करा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली खाजगी जमिनीही ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला. प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही, पण एकेका खातेदाराला गाठून सही घेणाऱ्यांना तिथे वाट मिळत नाही.

प्रश्न (अकोल्यातला विद्यार्थी): विदर्भात उद्योग नाहीत म्हणून आम्ही पुण्याला जातो. मग उद्योग आला की शेतकरी विरोध का करतात?

उत्तर: या पानावर आलेल्या पत्रांत उद्योग नको असं कुणी म्हणत नाही. विरोध आहे तो विचारल्याशिवाय जमीन घेण्याला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीनधारकांची संमती घेण्याची अटच नव्हती. २०१३ च्या कायद्याने खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीला ७० टक्के जमीनधारकांची संमती, सामाजिक परिणाम मूल्यांकन आणि बहुपीक जमिनीला संरक्षण दिलं. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने अध्यादेश काढून हे सैल केलं. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अध्यादेश संपू दिला गेला. त्यानंतर राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून तेच केलं, त्यात महाराष्ट्राची २०१८ ची दुरुस्ती. दिल्लीत जे मागे घ्यावं लागलं ते मुंबईतून आलं, आणि त्यावर गावोगावी चर्चा झालीच नाही.

आणखी एक पाहा. २०१३ च्या कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन परत करण्याची किंवा भूमी बँकेत जमा करण्याची तरतूद आहे. तुमच्या तालुक्यातल्या औद्योगिक क्षेत्रात किती भूखंड रिकामे आहेत, किती रोजगार ठरला होता आणि किती झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नवीन जमीन मागण्याआधी त्या रिकाम्या भूखंडांचा हिशोब मागणं हा विकासाला विरोध नाही.

प्रश्न (चिखली तालुका, बुलढाणा): आमच्या चारही बाजूंची वावरं एका बाहेरच्या खरेदीदाराने घेतली आणि तारेचं कुंपण घालून वहिवाट बंद केली. आता म्हणतो, तुमचंही विका.

उत्तर: हा दबावाचा जुना मार्ग आहे आणि त्यावर उपाय आहे, फक्त उशीर करू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा अर्ज करता येतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कुंपण घातल्याची तारीख अर्जात लिहा, फोटो जोडा, बैलगाडी आणि ट्रॅक्टर जात असल्याचे शेजाऱ्यांचे जबाब द्या. गावाच्या वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढी-वहिवाटींची नोंद) आणि निस्तार पत्रकात (सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) त्या वाटेची नोंद आहे का ते तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहा. विदर्भातल्या गावांना हा जुना पुरावा उपलब्ध आहे आणि बहुतेक लोक तो काढतच नाहीत. वहिवाट जुनी नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून नवीन रस्ता मागता येतो. दोन्ही अर्ज एकात मिसळू नका. "जुनी वाट अडवली" आणि "नवी वाट द्या" एकाच कागदावर लिहिलं की समोरचा वकील याच विसंगतीवर अर्ज पाडतो.

सोबत नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटांचा इंडेक्स-२ (नोंदलेल्या खताचा गोषवारा) पाहा. खरेदीदार कोण, शेतकरी असल्याचा पुरावा कोणता दिला, एकाच कुटुंबाच्या नावावर किती जमीन झाली हे तपासा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, बारमाही ओलिताची १८ एकर. मर्यादा ओलांडली असेल किंवा शेतकरी दाखला खोटा वाटत असेल तर गट क्रमांकांसह तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. फेरफाराची नोटीस अजून लागलेली असेल तर १५ दिवसांत हरकत नोंदवा, आणि नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करा.